बीझेड दक्षिणेला वळलं का? सौरवाऱ्याच्या आकड्यांवरून भूचुंबकीय वादळाचा अंदाज कसा बांधायचा

सूर्यावर मोठी ज्वाला भडकली की दुसऱ्या दिवशी ‘सौर वादळ पृथ्वीवर धडकणार’ असे मेसेज फिरू लागतात. पुढचे दोन-तीन दिवस काहीच घडत नाही आणि मग शास्त्रज्ञांचा अंदाज चुकला म्हणून सगळे मोकळे होतात. कधी याच्या अगदी उलट होतं. २१ एप्रिल २०२३ ला सूर्यावर एम-१.७ दर्जाची, म्हणजे मध्यमच, ज्वाला झाली. तिच्याबरोबर सुटलेल्या ढगाने २३-२४ एप्रिलला जी-४ दर्जाचं (वादळांचं मापन जी-१ ते जी-५ असं असतं) वादळ उठवलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ क्रमांकाच्या अवाढव्य डागसमूहातून एक्स दर्जाच्या, म्हणजे सगळ्यात जोरदार, सहा ज्वाला निघाल्या, पण त्यांच्यासोबत सूर्याबाहेर फेकलं गेलेलं द्रव्य जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे भूचुंबकीय वादळही नव्हतं.

वादळ होणार की नाही, हे मुख्यतः सौरवाऱ्यासोबत, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांसोबत, येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची दिशा ठरवते. या क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण भागालाच बीझेड म्हणतात. हे क्षेत्र दक्षिणेकडे झुकलेलं असेल, पुरेसं जोरदार असेल आणि काही तास तसंच टिकलं, तरच वादळ होतं. या तीन अटींपैकी शेवटची सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. खगोल मंडळांतले कार्यकर्ते, हॅम रेडिओवाले, ड्रोनने सर्वेक्षण करणारे आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक यांना हे आकडे स्वतः वाचता यावेत, यासाठी पुढची रीत क्रमाने दिली आहे. क्रम मोडू नका. बहुतेक चुका आकडे न समजल्यामुळे होत नाहीत, ते भलत्या क्रमाने पाहिल्यामुळे होतात.

पायरी १: आधीची तयारी

वादळाच्या रात्री शोधाशोध करायला वेळ नसतो. पुढच्या गोष्टी शांत दिवसातच जमवून ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे एल-१ बिंदूवरची ताजी मोजमापं. हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. एस आणि डिस्कव्हर ही अमेरिकी यानं तिथूनच सौरवारा मोजत आली आहेत. ‘नोआ’ या अमेरिकी संस्थेच्या स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटरच्या संकेतस्थळावर एल-१ वरचे आलेख मिनिटामिनिटाला अद्ययावत होतात आणि ते सगळ्यांसाठी खुले आहेत. आपलं आदित्य-एल१ सुद्धा ६ जानेवारी २०२४ पासून याच बिंदूभोवती फिरतं आहे. त्याच्या सहा मीटर लांब दांड्यावर दोन चुंबकमापक बसवले आहेत. त्याची नोंद इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवरून उतरवून घेता येते आणि वादळ ओसरल्यावर अभ्यासाला ती उत्तम आहे. चालू रात्रीच्या निर्णयासाठी मात्र मिनिटामिनिटाचा आलेखच हाताशी हवा.

दुसरी गोष्ट जमिनीवरचे निर्देशांक. डीएसटी, म्हणजे विषुववृत्ताच्या बाजूला जमिनीवरचं आडवं चुंबकीय क्षेत्र किती नॅनोटेस्लाने उतरलं ते सांगणारा आकडा, जपानमधल्या क्योतोहून मिळतो. केपी, म्हणजे जगभरची चुंबकीय खळबळ शून्य ते नऊमध्ये सांगणारा आकडा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमहून.

तिसरी गोष्ट घड्याळ. हे सगळे आलेख यूटीसी वेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. केपी तीन-तीन तासांचा असतो, म्हणून आपल्याकडे त्याचे खण पहाटे ५.३० ते ८.३०, मग ८.३० ते ११.३० असे पडतात. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवा.

चौथी गोष्ट, शांत दिवसाचे आकडे डोळ्याखालून घाला. सौरवाऱ्याचा वेग साधारण ३०० ते ५०० किलोमीटर प्रतिसेकंद, घनता घनसेंटिमीटरला पाचेक कण, एकूण चुंबकीय क्षेत्र ५ नॅनोटेस्लाच्या आसपास आणि बीझेड शून्याच्या वर-खाली हेलकावे खाणारं. नेहमीचं चित्र ठाऊक नसेल तर उणे ४ सुद्धा भयंकर वाटतं.

सावधान: बीझेड कोणत्या अक्षपद्धतीत दिलं आहे ते आलेखाच्या कोपऱ्यात वाचा. आपल्याला जीएसएम पद्धत हवी. तिच्यात पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल धरलेला असतो. जीएसई पद्धतीत तो नसतो, त्यामुळे एकाच क्षणी एकात बीझेड उत्तरेचं आणि दुसऱ्यात दक्षिणेचं दिसू शकतं. उतरवलेल्या फायलींमध्ये दोन्ही रकाने शेजारी-शेजारी असतात आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेमका चुकीचा रकाना उचलला जातो.

पायरी २: ज्वालेची बातमी आल्यावर काय विचारायचं

ज्वाला म्हणजे प्रकाश आणि क्ष-किरण. ते आठ मिनिटांत पोहोचतात आणि पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला लघुलहरी रेडिओ काही काळ मुका करतात. हा परिणाम झाला की ज्वालेचं काम संपलं. भूचुंबकीय वादळ आणते ती सीएमई, म्हणजे सूर्याच्या प्रभामंडळातून चुंबकीय क्षेत्रासकट फेकला गेलेला द्रव्याचा प्रचंड ढग. त्याला पृथ्वीपर्यंत यायला सहसा एक ते चार दिवस लागतात.

म्हणून बातमी आली की तीनच प्रश्न विचारा. सीएमई निघाली का? ती पृथ्वीच्या रोखाने आहे का? अंदाजे कधी पोहोचेल? तिसऱ्या उत्तरात अर्धा दिवस मागेपुढे धरूनच चाला.

चौथा प्रश्न इथे विचारू नका: ‘बीझेड किती असेल?’ ढग एल-१ वरच्या यानांवरून जाईपर्यंत याचं भरवशाचं उत्तर कुणाकडेच नसतं. सूर्यावरच्या डागांच्या ध्रुवीयतेवरून तर्क करता येतो, पण वाटेत ढग वळतो, दुसऱ्या ढगाला धडकतो, दबतो. दोन दिवस आधीच कुणी ठामपणे ‘जी-५ होणार’ म्हणत असेल तर ते मानू नका.

सीएमई नसतानाही वादळ येतं, हेही ध्यानात असू द्या. कोरोनल होलमधून, म्हणजे प्रभामंडळातल्या विरळ भागातून, वेगवान सौरवारा सुटतो आणि सूर्याच्या फिरण्यामुळे सुमारे २७ दिवसांनी तोच झोत पुन्हा पृथ्वीवरून जातो. ही वादळं सहसा जी-१, जी-२ पर्यंतच जातात, पण रेंगाळतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पृथ्वीच्या अक्षाच्या कलामुळे सौरवाऱ्यातलं आडवं क्षेत्रही जीएसएममध्ये काही प्रमाणात दक्षिणेचं होऊन बसतं. म्हणून संपाताच्या आसपास लहानसहान वादळं जास्त होतात.

पायरी ३: ढग एल-१ वर आला, हे ओळखणं

आलेखावर चार रेषा एकाच मिनिटात उसळल्या, म्हणजे वेग, घनता, तापमान आणि एकूण चुंबकीय क्षेत्र, की समजायचं ढगाच्या पुढची धक्कालहर पोहोचली. एकच रेषा उडाली असेल तर थांबा. ती उपकरणाची गडबड असू शकते.

या क्षणी केपी आणि डीएसटी बघायला धावू नका, ते अजून शांतच असणार. धक्का पृथ्वीवर पोहोचायचा आहे.

तपासा: त्याच वेळी सूर्याकडून उच्च-ऊर्जेच्या प्रोटॉनचा मारा सुरू आहे का? असेल तर एस यानावरचं वेग आणि घनता मोजणारं उपकरण भलतेच आकडे देतं. त्या वेळी वेग अचानक ३०० वर आला आणि घनता शून्याला टेकली असं दिसलं तर ते खरं धरू नका. चुंबकमापकाच्या रेषा मात्र तशाही वेळी भरवशाच्या असतात.

पायरी ४: आधी बीटी, मग बीझेड

इथे बहुतेक जण घाई करतात. बीटी म्हणजे एकूण चुंबकीय क्षेत्राची ताकद आणि बीझेड म्हणजे त्यातला उत्तर-दक्षिण भाग. अधिक चिन्ह उत्तरेचं, उणे दक्षिणेचं. बीझेड कधीच बीटीपेक्षा मोठं असू शकत नाही. बीटी ८ असेल तर बीझेड फार तर उणे ८ होईल, आणि तेवढ्यावर मोठं वादळ उठत नाही. बीटी ३० असेल आणि बीझेड अधिक २५ असेल तर या घडीला वादळ नाही, पण सावध राहायला हवं, कारण ते क्षेत्र फिरलं की तेवढंच दक्षिणेला जाऊ शकतं. म्हणून बीटी किती टोकाचं घडू शकतं ते सांगतं आणि बीझेड सध्या काय घडतं आहे ते.

दक्षिणेचंच महत्त्व का? पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला, चुंबकावरणाच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या अवकाशाच्या) सीमेवर, पृथ्वीच्या क्षेत्ररेषा उत्तरेकडे रोखलेल्या असतात. समोरून दक्षिणमुखी क्षेत्र आलं की उलट दिशेच्या या दोन रेषा तुटून एकमेकींना जोडल्या जातात. जोडलेल्या रेषा सौरवाऱ्याबरोबर पृथ्वीच्या मागे ओढल्या जातात, मागच्या लांब शेपटीत ऊर्जा साठते, आणि ती सुटली की कण पृथ्वीभोवती आतल्या बाजूला ढकलले जातात. ते पृथ्वीभोवती फिरू लागतात आणि त्यांचा वलयप्रवाह तयार होतो. त्या प्रवाहाचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं, म्हणून वादळात जमिनीवरचं आडवं क्षेत्र उतरतं. क्षेत्र उत्तरमुखी असेल तर सूर्याकडच्या बाजूची ही वाट बहुतांशी बंद राहते. वारा कितीही जोरात असो, तो चुंबकावरण दाबतो, पण त्याची फारशी ऊर्जा आत शिरत नाही.

सावधान: घनतेला भुलू नका. घनता पाचवरून चाळीसवर गेली की पाहणाऱ्यांत खळबळ उडते. घनतेने दाब वाढतो आणि चुंबकावरण आत सरकतं. जमिनीवर क्षेत्र क्षणभर उलट वाढतं. बीझेड उत्तरेचं असेल तर मोठं वादळ काही त्यातून उठत नाही.

पायरी ५: किती वेळ टिकलं ते मोजा

आता घड्याळ लावा. बीझेड उणे २० वर गेलं आणि दहा मिनिटांत परत आलं, तर ध्रुवीय भागात थोडी हालचाल होईल, मोठं वादळ नाही. गोंझालेस आणि त्सुरुतानी या संशोधकांनी १९८७ मध्ये मांडलेली कसोटी आजही हाताशी ठेवण्यासारखी आहे: बीझेड उणे १० नॅनोटेस्लाच्या खाली सलग तीन तासांहून जास्त राहिलं, तर तीव्र वादळाची, म्हणजे डीएसटी उणे १०० च्या खाली जाण्याची, अपेक्षा धरावी.

कागदावर तासागणिक सरासरी लिहा. क्षणिक टोकाचा आकडा लिहू नका. समाजमाध्यमांवर ‘बीझेड उणे ३५!’ म्हणून फिरणारी चित्रं अशीच एखाद्या मिनिटाची असतात.

ढगाची रचना माहीत असेल तर हे मोजणं सोपं जातं. धक्कालहरीच्या मागे आधी काही तास गोंधळलेला पट्टा येतो, ज्यात बीझेड सारखं वर-खाली उड्या मारतं. त्यानंतर खरा चुंबकीय ढग येतो. तिथे रेषा एकदम गुळगुळीत होते, क्षेत्र जोरदार असतं आणि दिशा तासन्‌तास सावकाश फिरत जाते. असा ढग पृथ्वीवरून जायला साधारण एक दिवस घेतो. काही ढगांचा पुढचा अर्धा भाग दक्षिणमुखी असतो, काहींचा मागचा. एप्रिल २०२३ चं वादळ दोन टप्प्यांत उतरलं: आधी गोंधळलेल्या पट्ट्यातल्या दक्षिणमुखी क्षेत्रामुळे आणि मग ढगामुळे. शेवटी डीएसटी उणे २१३ ला टेकला. पहिल्या टप्प्यानंतर जे झोपायला गेले, त्यांचा अर्धा खेळ हुकला.

तपासा: बीझेड उत्तरेचं, गुळगुळीत आणि जोरदार आहे? मग वही मिटू नका. पुढच्या आठ-दहा तासांत ते दक्षिणेला फिरू शकतं.

पायरी ६: वेगाची जोड द्या आणि हिशेब मांडा

तेवढंच दक्षिणमुखी क्षेत्र वेगवान वाऱ्यात जास्त घातक ठरतं. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की सौरवाऱ्याचं विद्युतक्षेत्र मिळतं, मिलिव्होल्ट प्रतिमीटरमध्ये. वेग ५०० आणि बीझेड उणे १० असेल तर उत्तर ५. बीझेड उत्तरेचं असेल तेव्हा हे विद्युतक्षेत्र शून्य धरायचं.

डीएसटीकडे तळाला छिद्र असलेला हौद म्हणून पाहा. दक्षिणमुखी क्षेत्र त्यात भर घालतं आणि छिद्रातून गळती सतत चालू असते. भर गळतीपेक्षा जास्त असेपर्यंत वादळ खोल जातं. ओब्रायन आणि मॅकफेरॉन या संशोधकांनी २००० मध्ये याचे आकडे बसवून दिले. विद्युतक्षेत्रातून ०.४९ वजा करायचे, उरलेल्याला ४.४ ने गुणायचं, की दर तासाची भर नॅनोटेस्लामध्ये मिळते. विद्युतक्षेत्र ०.४९ हून कमी असेल तर भर शून्य. गळतीचा काळ विद्युतक्षेत्र शून्य असताना सुमारे १९ तास, आणि ते ९ असताना सुमारे ४.९ तास. साठ्याला या काळाने भागलं की त्या तासाची गळती.

हातानेच करून बघू. वेग ६०० धरला, सुरुवात शून्यापासून.

पहिला तास, बीझेड सरासरी उणे ४: विद्युतक्षेत्र २.४, भर ८.४. हिशेब उणे ८.४.

दुसरा तास, बीझेड उणे १५: विद्युतक्षेत्र ९, भर ३७.४, गळती १.७. हिशेब उणे ४४.

तिसरा तास, तेच बीझेड: भर ३७.४, गळती ९. हिशेब उणे ७२.

चौथा तास, तेच: गळती आता १४.८ झाली. हिशेब उणे ९५.

पाचवा तास, बीझेड अधिक ८: भर शून्य, गळती ५. हिशेब उणे ९०.

यातून दोन गोष्टी उघड होतात. फक्त दुसऱ्या तासाला थांबून पाहिलं असतं तर हे किरकोळ वादळ वाटलं असतं. त्याला तीव्रतेच्या उंबरठ्यावर नेलं ते पुढच्या दोन तासांनी. दुसरं म्हणजे बीझेड उत्तरेला वळताच वादळ नाहीसं होत नाही. पाचव्या तासाला फक्त पाच नॅनोटेस्ला भरून निघाले. या गतीने निम्मं सावरायला तेरा-चौदा तास लागतील.

या हिशेबातून आलेला आकडा आणि क्योतोचा डीएसटी यांच्यात दाबाची दुरुस्ती असते. हिशेबाच्या आकड्यात दाबाच्या वर्गमुळाची ७.२६ पट मिळवायची आणि ११ वजा करायचे. दाब नॅनोपास्कलमध्ये घ्यायचा. तो काढायचा तर घनता गुणिले वेगाचा वर्ग, आणि आलेल्या उत्तराचा दहा लाखावा भाग घेऊन त्याची १.६७ पट. घनता ५, वेग ४०० असेल तर दाब १.३ येतो आणि दुरुस्ती नगण्य. घनता २० आणि वेग ६०० असेल तर दाब १२ होतो आणि डीएसटी चौदाने वर उचललेला दिसतो. दाट वाऱ्यात वादळ असतं त्यापेक्षा सौम्य का भासतं, ते यावरून समजतं.

सावधान: हे सूत्र वलयप्रवाहापुरतं आहे. ध्रुवीय प्रकाश आणि ध्रुवांजवळचे प्रवाह लहान दक्षिणमुखी झोतांनाही काही मिनिटांत प्रतिसाद देतात. नॉर्वे किंवा कॅनडातल्या नातेवाइकांनी ‘आज दिसेल का?’ विचारलं, तर त्यांच्यासाठी शेवटच्या अर्ध्या तासाचं बीझेड जास्त कामाचं आहे, डीएसटी नाही.

पायरी ७: पृथ्वीवर पोहोचायची वेळ

१५ लाख किलोमीटरला वेगाने भागा. ४०० ला सुमारे ६२ मिनिटं, ६०० ला ४२, ८०० ला ३१. म्हणजे वादळ जेवढं मोठं, तेवढी हातातली वेळ कमी.

नोआच्या काही आलेखांत ही वेळ आधीच मिळवून दाखवलेली असते. ती पुन्हा मिळवली की सगळा हिशेब तासभर पुढे सरकतो. आलेखाचं शीर्षक वाचा. शिवाय यान पृथ्वी-सूर्य रेषेवर नेमकं नसतं, ते एल-१ भोवती मोठा फेरा मारत असतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटांचा फरक पडणारच. तेवढ्यासाठी आकडे दुरुस्त करत बसू नका.

पायरी ८: जमिनीवर पडताळा

अंदाज कागदावर लिहून झाला की मगच जमिनीकडे वळा. आपल्याकडे यासाठी अलिबागची वेधशाळा आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची ही वेधशाळा १९०४ पासून मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेचं काम पुढे चालवते. मुंबईत विजेच्या ट्राम आल्या तेव्हा मोजमापं बिघडू नयेत म्हणून ती तिकडे हलवली गेली. अलिबागला आडवं चुंबकीय क्षेत्र सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. चारशे नॅनोटेस्लाचं भीषण वादळसुद्धा त्यात एक टक्क्याच्या आसपास फरक करतं. घरातल्या होकायंत्राची सुई डोळ्यांना दिसेल इतकी हलत नाही, त्यामुळे तसे व्हिडिओ पुढे पाठवू नका.

वादळाची नोंद साधारण अशी दिसते. आधी क्षेत्र एकदम काही दशक नॅनोटेस्लाने वर उडी मारतं, हा धक्क्याच्या दाबाचा परिणाम. मग बीझेड दक्षिणेचं असेल तर काही तास ते घसरत जातं, आणि शेवटी एक-दोन दिवस किंवा त्याहून जास्त काळ सावकाश वर येतं. पहिली उडी दिसली आणि नंतर घसरण नाहीच, तर समजायचं ढग उत्तरमुखी होता.

एक चूक इथे हमखास होते. शांत दिवशीही दुपारी आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, प्रवाहांमुळे अलिबागचं क्षेत्र काही दशक नॅनोटेस्लाने चढतं आणि संध्याकाळी उतरतं. ही रोजची लय वजा न करता संध्याकाळचा उतार वादळ म्हणून धरला जातो. त्याच महिन्यातल्या चार-पाच शांत दिवसांची सरासरी काढून ती आधी वजा करा.

१० मे २०२४ ची रात्र या पद्धतीने लावून पाहण्यासारखी आहे. १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून एकामागून एक सुटलेल्या सीएमई वाटेत एकमेकींत मिसळल्या होत्या. जमिनीवर धक्का नोंदला गेला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १०.३५ झाले होते. बीझेड उणे चाळीसच्याही खाली गेलं, तेही पुन्हा पुन्हा, आणि वारा सातशेच्या वर होता. यांचा गुणाकार करा, विद्युतक्षेत्र तीसच्या घरात जातं. अशा वेळी भर तासाला शंभरच्या वर होते. डीएसटी दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास उणे ४०० च्या थोडा खाली जाऊन थांबला आणि केपी नऊवर टेकला. ऑक्टोबर २००३ नंतरचं हे पहिलं जी-५. लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांत त्या रात्री लालसर झळाळी टिपली गेली.

केपी आणि जी-मापन यांचं नातं सरळ आहे: केपी ५ म्हणजे जी-१, ६ म्हणजे जी-२, ७ ला जी-३, ८ ला जी-४ आणि ९ ला जी-५. पण केपी तीन तासांचा गोळाबेरीज आकडा आहे आणि नऊच्या वर तो जातच नाही. डीएसटीला अशी मर्यादा नाही, तो दर तासाला मिळतो. उणे ५० ते उणे १०० मध्यम, त्याखाली तीव्र, उणे २५० च्या खाली महावादळ, अशी वर्गवारी रूढ आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. एकावरून दुसरा काढू नका.

पायरी ९: कुणाला काय सांगायचं

महाराष्ट्रात किंवा गोव्यात ध्रुवीय प्रकाश पाहायला कुणाला गच्चीवर बोलावू नका. हानले सुमारे ३३ अंश अक्षांशावर आणि साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, तिथेही तो मोठ्या वादळांतच, क्षितिजालगत आणि मुख्यतः कॅमेऱ्याला दिसतो.

ड्रोन सर्वेक्षण करणाऱ्यांना आणि अचूक जीपीएसवर शेतजमीन मोजणाऱ्यांना मात्र नक्की सांगा. वादळात आयनांबर ढवळून निघतं, त्यामुळे सेंटिमीटरची अचूकता हवी असेल तर ते काम पुढे ढकलावं. मोबाईल फोन बंद पडणार नाही. हॅम रेडिओवाल्यांच्या लघुलहरींच्या वरच्या पट्ट्या एक-दोन दिवस मंदावू शकतात, त्यांना वेळेचा अंदाज द्या.

आणि जी-१ आहे म्हणून कुणाला ‘काहीच नाही’ असं सांगू नका. ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ अशाच सौम्य वादळात गमावले गेले. वादळाने वरचं वातावरण तापून फुगलं, २१० किलोमीटरच्या आसपास असलेल्या उपग्रहांवर घर्षण वाढलं आणि ते वर चढूच शकले नाहीत.

पायरी १०: नोंद

प्रत्येक वादळाला एक पान द्या. त्यावर सहा गोष्टी: धक्क्याची वेळ, बीटीचं कमाल, बीझेडच्या तासागणिक सरासऱ्या, वेग, तुमचा हिशेब आणि क्योतोचा आकडा. क्योतोचे तात्काळ मिळणारे आकडे नंतर सुधारले जातात, म्हणून सुधारित आकड्यासाठी रकाना रिकामा ठेवा आणि काही महिन्यांनी भरा. ज्या वादळांत तुमचा हिशेब पन्नासहून जास्त नॅनोटेस्लाने चुकला, त्यांची पानं पुन्हा काढून पायरी १, ३ आणि ७ तपासा: अक्षपद्धत, प्रोटॉनमुळे बिघडलेला वेग आणि दोनदा मिळवलेली वेळ. हिशेब याच क्रमाने तपासत जा.